भुजंगच्या पाठीमागचा डबा

भुजंगनं पेडलवर पाय मारला, मोठ्या ड्रमचा ठोका घुमला, आणि त्यानं मान वळवून पाठीमागच्या डब्याकडे पाहिलं.

"दोनदा यायलंय अप्पा. मी एक मारतोय, मागून दोन येतेत."

माणिकप्पा हातातलं टाकून डब्याशी आला. डबा त्याचा होता. माणसाला ऐसपैस बसता येईल असा काळा पेटारा, आत परातीएवढा स्पीकर. लोकांना ऐकवायला नव्हेच तो. गायक, पेटी, कोरस सगळे एकदम सुरू झाले की त्या गदारोळात भुजंगला स्वतःच्या पायाचा ठोका कळावा, एवढ्यासाठी तो त्याच्या पाठीशी ठेवायचा. भुजंगचा एक कान अलीकडे मंदावला होता. डबा नसला की त्याचा ताल सुटायचा, आणि गाण्याच्या पार्टीत हे फक्त साउंडवाल्या माणिकप्पाला माहीत होतं. डबा गेला की भुजंगचं वाजवणंही गेलं, इतका साधा हिशोब.

त्यात परवाच उदगीरला नवा जिल्हा मागणाऱ्या मोर्चात एका पुढाऱ्यानं माईक चालू आहे का ते बघायला त्यावर चांगल्या सणसणीत थापा मारल्या, आणि डब्याचा पडदा कडेनं उलला. जिल्हा व्हायचा तेव्हा होईल, माणिकप्पाचा डबा मात्र तेवढ्यात आडवा झाला. त्यानं तो चिकटवून आणला होता आणि तेव्हापासून त्याला डोळ्याआड होऊ देत नव्हता.

किल्लारीच्या बाजूला, भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेल्या गावात संध्याकाळी भीमजयंतीचा कार्यक्रम होता. मंच मैदानात बांधून तयार होता. पण विहिरी आटलेल्या, एप्रिलचं ऊन, टँकर येऊन गेला की मागं नुसता फुफाटा. त्या फुफाट्यात डबा न्यायला माणिकप्पा मुळीच तयार होईना. ऊन उतरेपर्यंत तालीम समाजमंदिरात, स्लॅबखाली, असं त्यानं सांगूनच टाकलं.

विरोध एकट्या गुणाबाईचा. शेजारची ही म्हातारी समाजमंदिराच्या दाराबाहेर छत्री उघडून उन्हात बसली होती. तुमचं ते सामान भाईर आणा, असं तिचं सकाळपासून चाललेलं. माणिकप्पानं समजावलं की मावशी, धूळ गेली तर डबा खराब होतो. होऊ दे, म्हणाली. आणि असं म्हणून वर तिनंच डब्याखाली घालायला घरातली जाड वाकळ आणून दिली, तीही उंबऱ्याबाहेरूनच फेकली. आत काही आली नाही. म्हातारी जरा सटकलेली दिसते, असं माणिकप्पाला वाटलं.

आता मात्र त्याला म्हातारी सुचत नव्हती. दोन ठोके म्हणजे पडदा पुन्हा सुटला असणार. त्यानं आवाज खाली आणला, भुजंगनं पाय मारला. दोनच. आणखी खाली आणला. भुजंग म्हणाला, माझा ठोका बारीक झाला, मागचा हाय तेवढाच हाय. असं कसं होईल? माणिकप्पानं जाळीला कान लावला, वास घेतला. जळकट वास नव्हता. आपण इतकी वर्षं हा धंदा करतो, आणि आपल्याला काहीच कळत नाही, याचाच त्याला राग आला.

भुजंग वेगळ्याच धास्तीत होता. चांगला कानही बिघडला असेल तर? नसलेलं ऐकू येत असेल तर? शेवटी त्यानं हळूच विचारलं, "अप्पा, तुला येतंय ना? का मलाच?"

माणिकप्पालाही आलं होतं, तळपायातून. पण येतंय म्हणावं तर डबा बिघडला असं कबूल केल्यासारखं झालं असतं. डबा तापला असेल, जरा थंड होऊ द्यावा, असं म्हणत त्यानं बोर्डातली पिनच उपटली. भुजंगनं पेडलवरचा पाय काढून घेतला.

आणि ठोका आला.

जाड, खालून. ड्रमवरची झांज कुणी हात न लावता किणकिणली. माणिकप्पानं हातातल्या पिनकडे पाहिलं. भुजंगनं आपल्या पायाकडे.

बाहेर गल्लीतली माणसं मैदानाकडे निघाली होती. कुणी पळत नव्हतं, ओरडत नव्हतं. एका बाईच्या हाताला कणीक तशीच होती. "तुमाला बी आलं का?" भुजंगनं दारातून विचारलं. ती मानेनं हो म्हणाली आणि चालायला लागली. भुजंगला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

माणिकप्पा मात्र डब्याला चिकटून. एकट्याला उचलत नव्हता आणि सोडून जाववत नव्हतं. भुजंगनं परत येऊन दुसरी बाजू धरली तरी उंबऱ्यापाशी डबा अडकला.

तेव्हा गुणाबाई आत आली. छत्री काखोटीला मारून तिनं वाकळीचं टोक धरलं आणि वर स्लॅबकडे एकदाही न बघता डबा खालून ओढला.

मैदानात मधोमध तिनं वाकळ अंथरली. त्यावर डबा ठेवला. मग छत्री उघडून डब्यावर धरली आणि स्वतः उन्हात उभी राहिली. पिन अजून माणिकप्पाच्या मुठीतच होती.

"आना तुमचा ड्रम, वाजवा आता," गुणाबाई म्हणाली. "हितं वरून पडायला काय बी न्हाई."