पुढची खोली

वैजयंतीने दाराला खांदा लावून रेटा दिला, तरी दार अर्ध्यावरच अडलं. मागे खताच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर तीन उन्हाळ्यांपूर्वी जळालेला कूलर, आणि कूलरच्या वर छतापर्यंत काय काय होतं ते खुद्द तिच्या सासऱ्यांनाही सांगता आलं नसतं. रिठदच्या त्या घरात आलेली वस्तू परत बाहेर जात नसे. "कामी येते," म्हणत सासरे इंद्रभान ती ठेवून देत.

अंगणात लोखंडी पलंग येऊन पडला होता. दवाखान्यात असतो तसा, डोक्याकडून उचलता येणारा, वाशीमहून भाड्याने आणलेला. तो मावेल अशी घरात ही एकच खोली, आणि तिच्यात आज माणसाला धड उभं राहता येत नव्हतं.

बावीस दिवस ती अकोल्याला नवऱ्याच्या उशाशी बसून होती. भागवत विहिरीवर मोटर बसवताना काठावरून आत पडला होता. आज दवाखान्याने सुट्टी दिली, म्हणून जागा करायला ती पहाटेच्या गाडीने पुढे आली. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

फोन वाजला. भागवतसोबत असलेला तिचा दीर, हरीओम.

"वहिनी, वाशीम सोडलं. अर्ध्या घंट्यात येतो. जागा झाली ना?"

"झाली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने कूलर ओढला तसा वरचा ढीग अंगावर आला. फुटके पाइप, टीव्हीचं खोकं, बिनदांड्याच्या छत्र्या. जे हाताला लागेल ते कवटाळून ती बाहेर नेऊन टाकू लागली. सात-आठ खेपा झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की अंगणातला ढीग काही वाढत नाही. ती धावत मागच्या दाराने आत गेली. सैपाकघरात, गॅसच्या ओट्याखाली, पाइपांची गुंडाळी नीट रचून ठेवलेली होती. तिच्या शेजारी खोकं. आणि इंद्रभान पाठीवरचा फवारणीचा पंप छातीशी धरून उभे होते.

"मामाजी! गाडी येऊन राह्यली. तुमी हे काय करून राह्यले?"

"पाइप जाऊ दे, खोकं जाऊ दे. पन हा पंप कायले फेकतं बाई? हा भागवतचा हाय."

"ठेवा तो भाईर."

"अन् मंग फवारनीले मांगून आनू का? लोकाईच्या दारात जाऊ? आज ना उद्या पोरगा उठन..."

"नाही उठत."

"दिवाळीपर्यंत..."

"कधीच नाही उठत, मामाजी!" तिचा आवाज फाटला. "डॉक्टरनं मले पहिल्याच आठवड्यात सांगतलं. कंबरीच्या खालचं सारं गेलं. पायावर निखारा ठेवला तरी त्याईले समजनार नाही."

बोलून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. बावीस दिवस दाबून धरलेली गोष्ट अशी, या अडगळीत, बाहेर पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

इंद्रभानांनी पंपाचा लोंबता पट्टा गुंडाळला.

"त्याले मालूम हाय?"

"नाही. कोनालेच नाही. फक्त मले. अन् आता तुमाले."

त्यांनी पंप खाली ठेवला. मग ते पुढच्या खोलीत गेले आणि पोत्यांच्या थप्पीत दोन्ही हात घातले. बहात्तर वर्षांच्या माणसात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. पोती, तारांची वेटोळी, तुटकी खाट, धान्याची गंजलेली कोठी, काय आहे हे न पाहता ते अंगणात भिरकावत सुटले. खोलीतली फरशी कित्येक वर्षांनी दिसली. दोघांनी मिळून पलंग आडवा करून कसाबसा आत घेतला. भिंत आणि पलंग यांच्यामध्ये पाऊल ठेवण्यापुरती जागा उरली, दाराकडची बाजू तेवढी मोकळी राहिली.

ती झाडू शोधायला वळली, तोच दाराशी दणका बसला. इंद्रभान मागच्या अंगणातून सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आले होते आणि तिचं टोक सागवानी उंबरठ्याखाली घालत होते.

"मामाजी, उंबरठा काहून?"

"आज चौघं उचलून आनतीन त्याले. रोज कोन उचलन? चाकाची खुर्ची याच्यावरून जाईन का?"

सिमेंटचा एक टवका उडाला. लाकूड जरासं हललं.

वैजयंती झाडू न घेताच दाराशी आली. "त्याईले दिसन ना. दारातूनच दिसन. इचारतीन, काहून तोडला म्हनून. मंग काय सांगाचं?"

सासरे थांबले. त्यांच्या कपाळावरून घामाची धार डोळ्यात उतरत होती, ती त्यांनी पुसली नाही.

"मी सांगतो," ते म्हणाले. "तू नोको सांगू. आता मी सांगतो."

त्यांनी पुन्हा सब्बल दाबली. उंबरठा जागचा हलेना. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला, कोणीतरी म्हशी बाजूला हाकलल्या.

वैजयंतीने पदर खोचला, सासऱ्यांच्या हातांना लागून सब्बलीवर आपले दोन्ही हात ठेवले, आणि अंगातला सगळा भार टाकला.