घाटावरचं लेकीचं घर

बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला. तोवर खोपोलीच्या ठकूबाईनं आपल्या लेकीचं, भिवराचं, खंडाळ्यातलं घर पाहिलंच नव्हतं. पायानं अधू बाई घाट कसा चढणार? लग्नाला बारा वर्षं झाली होती. लेक माहेरी आली तरच भेट व्हायची.

रस्ता खुला होताच मुलानं, धर्मानं, तिला बैलगाडीत बसवलं. प्रत्येक वळणावर तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

दारात गाडी पाहून भिवरा घागर टाकून धावली.

"आये, तू घाट चढलीस?"

"मी कुठं? बैल चढले!"

दोघी हसता हसता रडल्या. आत गेल्यावर ठकूबाईनं चहूकडे पाहिलं, डोळे पुसले आणि विचारलं, "चूल अशी वाऱ्याच्या तोंडाशी का मांडलीस गं?"

भिवरा खुदकन हसली. स्वतःच्या घरात आईची बोलणी खायला ती बारा वर्षं थांबली होती.