अकरा नंबरचं स्टूल

"अकरा नंबरच्या स्टुलावरून कपाचा कान दिसत नाही," सर म्हणाले. "तू तो काढलास, म्हणून सहा गुण गेले. यात माझं काय चुकलं ते सांग."

मुलगी टेबलापलीकडे उभी होती. चित्रशाळेच्या प्रवेशाला पन्नास गुण लागत, तिला सेहेचाळीस पडले होते. हा तिचा दुसरा प्रयत्न, आणि नियमाप्रमाणे शेवटचा. वर्षभर तिने शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करता करता दिसेल ते चितारलं होतं. कात्र्या, चपला, कापडाच्या ताग्यांवर झोपलेली मांजर. मांजर सोडलं तर कुणी तक्रार केली नव्हती.

"मला दिसला, म्हणून काढला," ती म्हणाली.

"दिसला नाही. तुला माहीत होता. मधे पाणी प्यायला उठलीस, येता-जाता किटलीमागचा कप पाहिलास, आणि बसल्यावर डोक्यातून कागदावर उतरवलास."

वस्तुचित्राच्या पेपरात सरांचा हा एकच मुद्दा असे. पोरं डोळ्यांनी काढत नाहीत, डोक्याने काढतात. सव्वीस वर्षं ते हेच सांगत आले होते. त्यांची स्वतःची पद्धतही ठरलेली होती. डावा डोळा गच्च मिटायचा, हात ताठ करून पेन्सिल समोर धरायची, नजर मधल्या वस्तूवर खिळवायची. एकदा खिळली की हलवायची नाही, कारण नजर फिरली की माप फिरलं. पोरांनी त्यांचं नाव नेमबाज ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

शिवाय माणूस न्यायाचा. बाकीचे परीक्षक खुर्चीत बसून दुपारपर्यंत गठ्ठा हातावेगळा करत. सर प्रत्येक कागद घेऊन त्या त्या स्टुलावर जाऊन बसत, डोळा मिटून नेम धरत आणि मगच गुण देत. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध बोलायला कुणाला तोंड नव्हतं. गेल्या वर्षी तिघांनी न दिसणारं काहीबाही काढलं होतं, यंदा सात जणांनी. सगळी पिढीच डोकेबाज निघाली, असं सर चहाच्या वेळी म्हणाले होते आणि सगळे हसले होते.

"मांडणी अजून तशीच आहे ना?" मुलीने विचारलं. "एकदा माझ्यासमोर बघा. मग मी काही बोलणार नाही."

असं कुणी विचारलं नव्हतं. सरांना राग यायला हवा होता, पण पोरीचा आवाज चढलेला नव्हता. ते उठले.

"चल. कान दिसला तर मी स्वतः गुण वाढवून सही करीन. नाही दिसला तर मुकाट्याने घरी जायचं."

शिपाईमामांनी हॉलचं कुलूप काढलं आणि ते दाराशीच थांबले. निकाल लागेपर्यंत मांडणीला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. मधोमध टेबल, त्यावर करड्या कापडावर काळी किटली, उजवीकडे हिरवी बाटली, किटलीच्या मागे पांढरा कप. भोवती खडूने आखलेल्या गोलांत स्टुलं.

सर अकरा नंबरवर बसले. डावा डोळा मिटला, पेन्सिल धरली, नजर किटलीवर रोवली.

"किटली आहे. बाटली आहे. किटलीच्या डावीकडे नुसतं कापड. कान नाही. आता तू बस."

ती बसली. "दिसतो."

"डावा डोळा मीट."

तिने मिटला. "तरी दिसतो, सर. किटलीच्या डाव्या कडेला, अर्ध्या बोटाएवढा."

सरांना आता मात्र वाईट वाटलं. हाताला वळण होतं, रेघ स्वच्छ होती, आणि पोरगी हट्टापायी सगळं घालवून बसत होती. हिच्या समजुतीसाठी तरी हे एकदा निकालात काढू, असं त्यांनी ठरवलं.

"जा, त्या कानाला बोट लाव," ते म्हणाले. "मी इथून बघतो. बोट दिसलं, तर कान दिसला असं धरीन."

मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. ती उठली. सर पुन्हा स्टुलावर बसले. डोळा, हात, पेन्सिल, किटली. तिच्या चपलांचा आवाज डावीकडून पुढे गेला आणि थांबला.

सर वाट बघत राहिले. किटली, बाटली, कापड, मागची भिंत.

"लाव ना बोट."

"लावलंय."

आवाज टेबलाजवळूनच आला. सरांच्या कपाळावर आठी पडली.

"थट्टा नको. लपू नकोस, टेबलापाशी ये."

"टेबलापाशीच आहे, सर. तुमच्यासमोर."

सरांनी पेन्सिल खाली घेतली. त्यांनी डावा डोळा उघडला. मुलगी किटलीच्या डाव्या बाजूला उभी होती, कपाचा कान दोन बोटांत धरून, त्यांच्याकडेच बघत.

त्यांनी डावा डोळा पुन्हा मिटला आणि नुसत्या उजव्याने पाहिलं. टेबलापाशी कुणीच नव्हतं.