होडीतला बाप

"आमंत्रण कुठंय, बाबा?" सभागृहाच्या दारावरच्या बाईने विचारलं.

"टपालात अडकलं असणार," मुबिता म्हणाला. "मी नालिशेबोचा बाप."

बाई पाहतच राहिली. "म्हणजे होडीतले बाबा ते तुम्हीच? माझी पोरं तेच पुस्तक पुन्हापुन्हा वाचायला लावतात मला." तिने त्याला हाताला धरून आत नेलं आणि दुसऱ्या रांगेत कडेला बसवलं.

नालिशेबोच्या पुस्तकाला यंदाचा बालसाहित्याचा पुरस्कार मिळाल्याची बातमी कित्वेच्या वर्तमानपत्रात आली, तेव्हा मुबिताने ते पुस्तक मागवलं आणि धाकट्या लेकीकडून वाचून घेतलं. झांबेझीला पूर येतो, सगळं मैदान पाण्याखाली जातं आणि एक बाप रोज मुलीला होडीतून शाळेत पोचवतो. तिला भीती वाटू नये म्हणून मगरीचे आवाज काढतो. भाजलेला मासा तिच्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, "तूच खा. मला काट्यांचा कंटाळा."

"आम्हाला नाही नेलंत कधी असं," धाकटी म्हणाली.

"इथे कुठे पूर येतो?"

त्याला स्वतःलाही यातलं काही आठवेना. पण असल्या गोष्टी बाप कुठे लक्षात ठेवतो? लेकरंच ठेवतात. दुसऱ्यांदा ऐकताना ओलं वल्हं त्याच्या तळहाताला जाणवलं. समारंभासाठी लुसाकाला येताना बसमध्ये तर शेजाऱ्यांना सांगता सांगता त्याने मगरीचा आवाजही काढून दाखवला.

नालिशेबो लहान असताना कित्वेला तांब्याच्या खाणीत कामाला म्हणून गेलेला मुबिता पुन्हा घराकडे फिरकला नव्हता. तिकडेच त्याने दुसरा संसार थाटला होता. पुस्तकात त्याबद्दल चकार शब्द नव्हता. पोरीने सगळं पोटात घातलं होतं. आता ती भेटली की आधी माफी मागायची, मग बाकीचं बोलायचं, असं त्याने ठरवलं होतं.

नालिशेबो मंचावर आली. थेट आईचं रुंद कपाळ. सन्मानचिन्ह छातीशी धरून ती माइकपाशी उभी राहिली.

"लोक मला विचारतात, असा बाप असतो का कुठे?" ती म्हणाली. "असतो. इथेच बसलाय. बाबा, उभे राहा ना जरा."

मुबिता उठला. कोटाचं बटण लावलं. टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या माणसाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नशीबवान आहात."

नालिशेबो पायऱ्या उतरून त्याच्याच दिशेने येत होती. मुबिताला समोरचं धूसर दिसू लागलं. तो रांगेतून बाहेर आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

ती त्याच्यापुढे थांबली. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली होती.

"आजोबा, जरा वाट देता का?" ती हळूच म्हणाली. "मागे माझे बाबा आहेत. त्यांना आधाराशिवाय उठवत नाही."