आर्गिरोचा दोर

वारा स्ट्रातिसच्या शिडाच्या होडीला खडकाकडे ढकलत होता, आणि धक्क्यावरचा एकही माणूस त्याचा दोर झेलायला उठत नव्हता. एरवी परक्या पाहुण्यांचे दोर झेलायला धावत सुटणारे हेच लोक आज कॉफीच्या कपात तोंड घालून बसले होते.

“हात झडले का रे सगळ्यांचे?” तो ओरडला. “पांडेलिस, तू तरी ऊठ की, मेल्या!”

पांडेलिस काठावर आला, पण त्याने हात पुढे केला नाही. “आयुष्यभर कुणाला हात लावू दिलास त्या दोराला? ‘माझ्या आर्गिरोशिवाय कुणाला झेलता येत नाही,’ म्हणायचास. तुझ्या बायकोला, बिचारीला, जाऊन महिना नाही झाला, आम्ही कुठल्या तोंडाने तिच्या जागी उभं राहायचं?”

“मग शिका आता, गाढवांनो!” स्ट्रातिस चिरक्या आवाजात ओरडला आणि त्याने दोर भिरकावला.