बाप कधीपासून

"एक काळ असा होता की पुत्र नव्हता, असं तुम्ही मुलांना सांगितलंत?" चर्चच्या पाळकांनी विचारलं.

"सांगितलं," सुईणमावशी म्हणाल्या. "वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, देवाचा मुलगा जन्मायच्या आधी कुठे होता? म्हटलं, जन्मायच्या आधी कोण कुठे असतो? नव्हताच."

प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला पाळक, केमिस्ट आणि चिटणीसबाई बसले होते. समोर मावशी, एकट्या. तक्रार केमिस्टची होती. साठी ओलांडलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी पानभर लिहून दिलं होतं: पुत्र अनादि आहे, हा वाद सोळाशे वर्षांपूर्वीच मिटलाय, मुलांच्या कानावर भलतं पडू नये, मावशींचा रविवारचा वर्ग दुसऱ्या कोणाला द्यावा. तो वर्ग मावशी बावीस वर्षं घेत होत्या.

"शब्द मागे घ्या ना मावशी, म्हणजे विषयच संपला," चिटणीसबाई हळूच म्हणाल्या.

"तोंडानं घेईन. मनातून कसा घेऊ? दोन हजारांवर बाळंतपणं केलीत या हातांनी. ज्याच्या जन्माला 'आधी' नाही असं एकही मूल पाहिलं नाही. लहानपणापासून विचारतेय मी हे. आईनं डोळे वटारले, शाळेत छडी खाल्ली, आधीच्या पाळकांनी 'श्रद्धा ठेवा' म्हणून बोळवण केली. वर्ग काढा खुशाल, पण उत्तर द्या."

पाळक वयानं लहान, चर्चची मंडळी सांभाळायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांनी घसा साफ केला. "सूर्य आणि त्याचा उजेड घ्या. सूर्य आधी आणि उजेड मागून, असं असतं का?"

"उजेडाला नाळ नसते, पाळकसाहेब."

चिटणीसबाईंना हसू आवरेना. पाळकही हसले. मग त्यांनी समोरची वही मिटली, खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून मावशींच्या शेजारी येऊन बसले.

"बरं, तुमच्याच कामातलं सांगा. पहिलटकरीण येते, बाळ होतं. त्या खोलीत जन्म किती जणांचा होतो?"

मावशी विचारात पडल्या. "दोघांचा," त्या सावकाश म्हणाल्या. "बाळाचा आणि आईचा. बाई आधीचीच असते, आई मात्र त्या घटकेची. बाहेर येरझाऱ्या घालत असतो तोही तेव्हाच बाप होतो."

"म्हणजे मूल नाही तोवर बाप नाही."

"कुठला असणार!"

"आपल्यात माणूस आधी असतो आणि बाप नंतर होतो. देवाचं तसं नाही. आधी नुसता देव होता आणि पुढे कधीतरी पिता झाला, असं आपण मानत नाही. तो पिता नाही असा क्षणच नाही. मग..."

"मग मुलगा नाही असाही क्षण नाही," मावशींनी वाक्य पुरं केलं आणि स्वतःच दचकल्या. चष्मा काढत म्हणाल्या, "मग 'जन्मला' तरी कशाला म्हणायचं?"

"सुतारानं केलेली खुर्ची सुतार नसते. सुताराचा मुलगा मात्र त्याच्यासारखाच माणूस असतो. पुत्र घडवलेला नाही, देवापासून देव आहे, एवढंच त्या शब्दात आहे. 'केव्हा' त्यात नाही."

मावशींनी पदरानं चष्मा पुसला. "सगळं डोक्यात शिरलं असं नाही म्हणणार. पण इतक्या वर्षांत शेजारी बसून सांगणारे तुम्ही पहिले. देव भलं करो, लेकरा. रविवारी मुलांना सांगेन, मावशी चुकली होती."

"वर्ग तुमच्याकडेच," पाळक म्हणाले. त्यांनी केमिस्टकडे पाहिलं. केमिस्टनी होकारार्थी मान हलवली.

मावशी पायऱ्या उतरत होत्या, तेवढ्यात मागून हाक आली.

"मावशी, एक विचारू?" केमिस्ट कठड्याला धरून उभे होते. "मूल झालं, पण रडलंच नाही... तर तो माणूस बाप झाला की नाही?"

मावशींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चौतीस वर्षांपूर्वी या माणसाला दवाखान्याच्या बाकावरून उठवून बातमी त्यांनीच सांगितली होती. पुढे त्या घरात दुसरं मूल झालं नाही.

"झाला," त्या म्हणाल्या. "आणि झाला तो झाला. ते कोणी काढून घेऊ शकत नाही."

केमिस्ट एक पायरी खाली उतरले. "आम्हाला दाखवलं नव्हतं त्याला."

"तेव्हा तशीच रीत होती. चूक होती."

"तुम्हाला आठवतो?"

"रडलेली सगळी विसरले. न रडलेलं एकही नाही." मावशी पायरीवर टेकल्या. "केस होते. काळेभोर. आणि बोटं ही एवढी लांब."

"उपकार झाले, मावशी," केमिस्ट म्हणाले. "पण जरा थांबा. पुढचं आत्ता नको." त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर दुसऱ्या खेपेला लागला.

"अगं, हातातलं ठेव आणि ये. मावशी आपल्या मुलाबद्दल सांगतायत."