संकष्टीची तपासणी

"जेवायचं नाही हो, नुसतं पानावर बसायचं," केंद्र चालवणारी निर्मला फोनवर एकेकाला विनवत होती. ज्येष्ठांचं भोजनकेंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला पालिकेचे साहेब निघाले होते. आज नेमकी संकष्टी. सगळ्यांना उपवास, त्यामुळे सभागृहात चिटपाखरू नव्हतं.

धापा टाकत सगळे जमले आणि वाफाळत्या वरणभातासमोर हात जोडून बसले. साहेबांनी पंगतीवरून नजर फिरवली.

"हे अन्न कुणी तोंडातही घालत नाही. मग केंद्र चालवायचं कशाला?"

"साहेब, आज संकष्टी आहे. उपवास असतो सगळ्यांना," निर्मला म्हणाली.

"उपवास आहे, तर पानं कुणासाठी वाढलीत?"

निर्मला वरणाचं भांडं उगाचच ढवळू लागली.

तेवढ्यात पेंडसेकाकूंनी भात कालवला. चंद्र दिसल्याशिवाय पाणीही न पिणाऱ्या काकूंनी भला मोठा घास घेतला आणि शेजारच्या अण्णांना कोपरानं ढोसलं.

"अहो काकू, उपवास मोडला!" अण्णा कुजबुजले.

"गणपतीला मी रात्री समजावते. तो ऐकून तरी घेतो," काकू घास गिळत पुटपुटल्या. "तुम्ही जेवा. आणि वरण दुसऱ्यांदा मागा, जरा मोठ्यानं!"